स्प्रिंट टीमच्या हाती द्या: खानदेशातल्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या औद्योगिक वसाहतींमधले मालक, संचालक आणि व्यवस्थापक यांना

सप्रेम नमस्कार.

आपल्या कंपन्यांच्या विकास विभागांत अजाइल, म्हणजे थोडं थोडं करून, दर टप्प्यावर तपासत वस्तू घडवायची पद्धत आली, याचा मला मनापासून आनंद आहे. ठिबकचा कंट्रोलर असो, पंपाचा मोबाइल स्टार्टर असो की डाळ मिलचं यंत्र, नवी वस्तू घडवायची तर वर्षभराचा आराखडा कागदावर आखून त्याच्यामागे डोळे मिटून जाणं आता परवडत नाही, हे आपण ओळखलंत. विभागात तीन रकान्यांचा फळा लागला, स्प्रिंट म्हणजे दोन आठवड्यांचे कामाचे टप्पे सुरू झाले, कुणीतरी पुण्याला जाऊन प्रशिक्षण घेऊन स्क्रम मास्टर होऊन आलं (स्क्रम ही अजाइलचीच एक पद्धत, आणि ती नीट चालते ना हे बघणारा तो स्क्रम मास्टर).

एक गोष्ट मात्र राहून गेली. या पद्धतीत कामांचा क्रम एक ठरावीक माणूस, म्हणजे प्रॉडक्ट ओनर, लावतो, आणि त्यातलं किती काम दोन आठवड्यांत होईल व कसं होईल हे काम करणारी टीम ठरवते. आपल्याकडे फळा आला, मीटिंगा आल्या, पण हा अधिकार अजून केबिनमध्येच आहे. तो टीमला द्या, हे मागायला मी हे पत्र लिहिते आहे.

मी यावल तालुक्यातल्या केळी पिकवणाऱ्या घरातली. पुण्यात काही वर्षं नोकरी करून जळगावला परत आले. शेतीसाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या टीममध्ये काम करते. पुढे लिहिलेलं कुठल्या एका कंपनीबद्दल नाही. मी जिथे जिथे काम केलं तिथे आणि माझे वर्गमित्र जिथे काम करतात तिथे, थोड्याफार फरकानं हेच चित्र आहे.

सकाळच्या मीटिंगपासूनच बघा. स्क्रम गाइड हा स्क्रमचा मूळ दस्तऐवज. २०२० सालची त्याची आवृत्ती पंधरा पानांच्या आतली आहे, चहा संपेपर्यंत वाचून होते. रोजची मीटिंग (तिलाच स्टँडअप म्हणतात) १५ मिनिटांची आणि ती डेव्हलपर्ससाठी, म्हणजे काम करणाऱ्यांसाठी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. स्प्रिंटचं उद्दिष्ट गाठायला आज काय बदलावं लागेल, हे त्यांनी आपसात बोलायचं. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे आपल्याकडे रोज म्हणवून घेतले जाणारे तीन प्रश्न २०२० च्या आवृत्तीत राहिलेलेसुद्धा नाहीत. प्रत्यक्षात काय होतं? साहेब खुर्चीवर बसतात, टीम उभी राहते आणि एकेक जण साहेबांकडे बघत हिशेब देतो. फर्मवेअरवाल्याला (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला) हार्डवेअरवालीशी जे बोलायचं असतं ते राहूनच जातं, कारण साहेबांसमोर 'माझं काम तुझ्या बोर्डामुळे अडलंय' असं म्हणणं म्हणजे तक्रार केल्यासारखं होतं. मग दोघं दुपारी जेवणाच्या सुट्टीत बोलतात. खरी स्टँडअप तिथे होते.

पॉइंटांचं त्याहून वाईट आहे. कुठलं काम किती अवघड याचा टीमनं आपसात लावलेला अंदाज, एवढाच स्टोरी पॉइंटचा उपयोग. स्क्रम गाइडमध्ये तर हा शब्दही नाही. आपल्याकडे मात्र महिनाअखेरीला कुणाचे किती पॉइंट झाले याचा तक्ता निघतो, दोन टीमची तुलना होते, आणि पगारवाढीच्या बैठकीत तोच तक्ता समोर ठेवला जातो. याचा परिणाम ठरलेलाच. गेल्या तिमाहीत तीन पॉइंटांचं असलेलं काम या तिमाहीत आठचं होतं. आलेख वर जातो, वस्तू आहे तिथेच राहते. त्या मुलांना लबाड म्हणू नका. ज्या आकड्यावर पगार ठरतो तो आकडा माणूस वाढवणारच, आणि मग त्या आकड्यावरून कामाचा अंदाज बांधायची सोय कायमची जाते. नुकसान तुमचंच होतं, कारण 'हे कधी होईल' या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा एकमेव आकडा तुम्हीच बिघडवलेला असतो.

आणि मग फोन. रात्री साडेनऊला चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या डीलरचा फोन मालकांना येतो: समोरच्या कंपनीच्या कंट्रोलरला अमुक सोय आहे, आपल्यात का नाही? सकाळी दहाला सांगितलं जातं, हातातलं सगळं ठेवा, आधी हे करा. स्प्रिंटचा तो सहावा दिवस असतो. अर्धवट सोडलेलं काम फळ्यावर 'चालू' या रकान्यात महिनोन्‌महिने पडून राहतं. डीलरची मागणी चुकीची असते असं मी म्हणत नाही. बऱ्याचदा ती बरोबरच असते. पण तिची जागा पुढच्या स्प्रिंटच्या यादीत आहे. स्प्रिंटच्या उद्दिष्टाला धोका येईल असा बदल मध्येच करायचा नाही, आणि उद्दिष्टच कालबाह्य झालं तर स्प्रिंट रद्द करायचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा, हा नियम याच कारणानं केलेला आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त थांबावं लागणार नसतं. एवढा धीर धरता येणार नसेल, तर स्प्रिंट नावाची गोष्ट ठेवूच नये.

'हे सगळं सॉफ्टवेअरवाल्यांचं आहे, आपण वस्तू बनवतो,' असं अनेकदा ऐकते. इतिहास वेगळं सांगतो. १९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एक लेख लिहिला. फुजी-झेरॉक्स, कॅनन, होंडा, एनईसी अशा कंपन्यांनी कॉपियर, कॅमेरा, मोटार, संगणक या वस्तू कमी वेळात कशा घडवल्या, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांना दिसलं ते असं: वरिष्ठांनी मोठं आणि अवघड उद्दिष्ट दिलं, पैसा दिला, आणि रोजच्या कामात हात घातला नाही. होंडा सिटी गाडी घडवणाऱ्या टीमचं सरासरी वय २७ होतं. आपल्या विकास विभागांतल्या मुलामुलींचं वयही जवळपास तेवढंच आहे. जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी स्क्रम उभं केलं ते या लेखातल्या विचारावर, आणि १९९५ मध्ये ते जाहीरपणे मांडलं. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि अजाइलचा जाहीरनामा निघाला. त्याच्या बारा तत्त्वांत एक असं आहे की ज्यांना कामाची ओढ आहे अशा माणसांभोवती प्रकल्प उभा करा, त्यांना लागेल ते द्या आणि ते काम पार पाडतील यावर विश्वास ठेवा. आणखी एक तत्त्व सांगतं की कामाचा वेग कायम टिकवता येईल असा असावा. प्रदर्शनाच्या आधीचे तीन आठवडे रात्री अकरापर्यंत थांबवून घेणं याला त्यात जागा नाही. म्हणजे विचार निघाला तो कारखान्यांतून, वस्तू घडवणाऱ्यांकडून. सॉफ्टवेअरवाल्यांनी तो नंतर घेतला.

तरी वस्तू घडवणाऱ्यांची एक खरी अडचण आहे, आणि तिच्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण प्रशिक्षणात याबद्दल कुणी काही सांगत नाही. सॉफ्टवेअर दर पंधरवड्याला बदलता येतं. कंट्रोलरच्या डब्याचा मोल्ड एकदा कापला की बदल फार महागात पडतो. सर्किट बोर्डाची ऑर्डर देऊन, सुटे भाग जोडून तो परत येईपर्यंतच काही आठवडे जातात. त्यावर आपल्याला पिकाचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. केळीच्या लागवडीचे दोन हंगाम: मृग बाग जून-जुलैत लागते, कांदे बाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. ऊतीसंवर्धित रोप लावलं तरी घड कापणीला यायला अकरा-बारा महिने लागतात. लागवडीची वेळ हुकली तर तुमच्या वस्तूची खरी परीक्षा पुढच्या हंगामावर जाते.

अशा ठिकाणी दर दोन आठवड्यांना नवी वस्तू तयार व्हावी असा हट्ट धरणं चूक आहे. दर दोन आठवड्यांना एका मोठ्या शंकेचं उत्तर मिळावं, हे मागा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मोटरघराच्या पत्र्याखाली, भिंतीवर टांगलेल्या बंद डब्यात किती तापमान होतं? हे कळायला नवा बोर्ड लागत नाही. जुना रिकामा डबा आणि एक तापमापक पुरतो, आणि ते काम एका स्प्रिंटमध्ये होतं. व्होल्टेज खाली आलं की व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो का? ब्रेडबोर्डवरच्या (डाग न देता तारा खोचायच्या पट्टीवरच्या) जोडणीवर कळेल. शेतकऱ्याला हातमोजा न काढता बटण दाबता येईल का? पुठ्ठ्याचा डबा करून द्या, थ्रीडी प्रिंटचा द्या. मोल्ड कापायचा निर्णय जितका उशिरा घेता येईल तितका उशिरा घ्या, आणि तोपर्यंतच्या प्रत्येक स्प्रिंटमध्ये त्या निर्णयातली एक शंका मिटवा. हंगामावरून मागे मोजत या: मृग बागेत वस्तू हवी असेल तर ओबडधोबड का होईना, चालणारा नमुना उन्हाळ्याच्या सुरुवातीला रावेर-यावलच्या एखाद्या शेतात लागला पाहिजे. हा हिशेब टीमला मांडता येतो. ऑगस्टमधल्या कृषी प्रदर्शनाची तारीख वरून आली की तो मांडायची संधीच जाते.

याच्या पुढचं मला सगळ्यात जिव्हाळ्याचं आहे. आपल्या टीम शेतकऱ्याला भेटत नाहीत. शेतकरी डीलरला सांगतो, डीलर विक्री प्रतिनिधीला, तो व्यवस्थापकाला, आणि शेवटी आमच्याकडे एका ओळीचं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, येतं: 'रिपोर्ट स्क्रीन सुधारणे'. एकदा धुळे तालुक्यातल्या एका शेतावर आमच्यापैकी काही जणांना जाता आलं. ॲपमध्ये आम्ही दाब, प्रवाह, ओलावा यांचे आलेख केले होते, रंगसुद्धा विचार करून निवडले होते. त्या काकांनी मोबाइल लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "पानी उनं का नई, इतलंच सांग." (पाणी आलं का नाही, एवढंच सांग.) शेतीची थ्री-फेज वीज ठरावीक तासच असते आणि पाळी रात्रीची असली की रात्री उठून शेतात जावं लागतं. साप असतात, आमच्याकडे तर बिबट्याचीही भीती असते. मोटर खरंच चालू झाली का आणि शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोचलं का, एवढं अंथरुणात पडल्या पडल्या कळलं की त्यांची झोप वाचते. पुढच्या स्प्रिंटमध्ये आम्ही आलेख आतल्या पानावर नेले आणि पहिल्या पानावर एकच ओळ ठेवली. मोटर सुरू होऊनही पाणी आलं नाही तर फोन वाजायला लावला. काम थोडं होतं. ते करायला हवं हे मात्र फळ्याकडे कितीही दिवस बघून कळलं नसतं.

स्प्रिंटच्या शेवटी होणारा रिव्ह्यू याचसाठी असतो. वातानुकूलित खोलीत प्रोजेक्टर लावून व्यवस्थापकांना दाखवण्यासाठी तो नसतो. वापरणाऱ्याला बोलवायचं किंवा त्याच्याकडे जायचं, चालणारी वस्तू त्याच्या हातात द्यायची, आणि तो काय करतो ते बघून यादीचा क्रम बदलायचा. आपलं भाग्य असं की आपला वापरणारा अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. पुण्या-मुंबईत बसून शेतीची ॲप बनवणाऱ्यांना ही सोय नाही. शिरपूरच्या सूतगिरणीतल्या कामगाराला, नंदुरबारच्या मिरचीच्या व्यापाऱ्याला, रावेरच्या केळीवाल्याला आपण दुपारी भेटून संध्याकाळी परत येऊ शकतो. एवढं जवळ असूनही भेटायचं राहतं, याची मला फार खंत वाटते.

टीमला अधिकार दिला तर गोंधळ होईल, ही भीती मी समजू शकते. पण याच मातीत शेकडो वर्षं चाललेली एक व्यवस्था आहे, फड पद्धत. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे, त्याखालच्या शेतीचे फड, म्हणजे मोठे भाग, आणि यंदा बंधाऱ्यात पाणी किती हे बघून कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे शेतकऱ्यांनी बसून ठरवायचं. एकदा ठरलं की एका फडात एकच पीक. पाणी कोणाला कधी द्यायचं हे काम पाटकऱ्यांचं. जमीन ज्याची आहे तो मालकसुद्धा मध्येच येऊन आपल्या वाफ्याकडे पाणी वळवत नाही. पाणी कमी पडलं तर टंचाई सगळ्यांनी वाटून घ्यायची. वर्षाचा निर्णय एकत्र, रोजचं काम ज्याचं त्याच्या हाती, आणि पाण्याचा अंदाज बदलला की पुढच्या हंगामाचा बेत बदलायचा. आपल्या पणजोबांनी ज्या शिस्तीवर भरवसा ठेवला, तीच आम्ही विकास विभागात मागतो आहोत.

पैसा तुमचा आहे, बँकेचं कर्ज तुमच्या नावावर आहे, अनुदानाचे पैसे अडकले तर पगाराची चिंता तुम्हाला असते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच सांगते, या पद्धतीत तुमचा ताबा कमी होत नाही. जुन्या पद्धतीत नव्वद टक्के पूर्ण असं सहा महिने ऐकायचं आणि शेवटी कळायचं की वस्तू चालतच नाही. इथे दर दोन आठवड्यांना चालणारं काहीतरी तुमच्या समोर येतं, आणि नको असलेलं काम लवकर, स्वस्तात थांबवता येतं. काय घडवायचं यावर तुमचाच शब्द राहतो. फक्त तो एका वाटेनं यावा. तुम्हाला स्वतःला प्रॉडक्ट ओनर व्हायचं असेल तर जरूर व्हा, पण मग आठवड्यातले काही तास टीमसोबत बसून यादीतलं पहिलं काम कुठलं आणि का, हे सांगायला हवं. तेवढा वेळ नसेल तर ते काम एका माणसाला द्या आणि त्याचा निर्णय रात्रीच्या फोनवर फिरवू नका. त्याच्या निर्णयाचा मान संपूर्ण संस्थेनं ठेवावा, असं स्क्रम गाइडही म्हणतं. मालक, त्यांचे बंधू, विक्री प्रमुख आणि कारखान्याचे व्यवस्थापक असे चार प्रॉडक्ट ओनर असले की टीमनं कुणाचंही ऐकलं तरी ती तिघांच्या नजरेत चुकलेलीच ठरते.

आणि स्क्रम मास्टरला जरा मोकळं करा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा फळा अद्ययावत ठेवणारा आणि तुम्हाला अहवाल पाठवणारा माणूस असतो. त्याचं खरं काम अडथळे काढायचं आहे. खरेदी विभागात एका सेन्सरची फाइल तीन आठवडे पडली असेल तर ती हलवणं, मीटिंगमध्ये साहेबच बोलत राहिले तर त्यांना आदरानं थांबवणं. दुसरं काम त्याला करता यावं, यासाठी तुमचा पाठिंबा सगळ्यांसमोर दिसला पाहिजे. नाहीतर नोकरी धोक्यात घालून कुणी ते करणार नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये.

आपल्या जिल्ह्यांतली अभियांत्रिकी महाविद्यालयं दरवर्षी हुशार मुलं-मुली बाहेर काढतात. त्यातली बरीचशी पुण्याच्या गाडीत बसतात. पगार हे कारण आहेच. पण माझ्यासारखे काही परत येतात, घराजवळ राहून आपल्या शेतीचं काम करावं म्हणून कमी पगारही घेतात, आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा जातात. विचारलं तर सगळ्यांचं म्हणणं एकच: तिकडे निदान 'तुला काय वाटतं' असं विचारतात. त्यांना थांबवायला नवी इमारत लागत नाही.

माझी विनंती अशी. येत्या कांदे बागेच्या लागवडीआधी, आपल्या कंपनीतली एकच टीम निवडा, आणि सलग तीन स्प्रिंट तिला हा अधिकार द्या. प्रॉडक्ट ओनर एकच ठेवा. दोन आठवड्यांत किती काम घ्यायचं हे टीमला ठरवू द्या. सकाळच्या मीटिंगला तुम्ही जाऊ नका, रिव्ह्यूला मात्र न चुकता या. त्या काळातला पॉइंटांचा तक्ता मागू नका. तिन्ही रिव्ह्यू वापरणाऱ्याच्या शेतात, दुकानात किंवा मिलमध्ये घ्या. पटलं नाही तर जुन्या पद्धतीवर परत जायला तुम्हाला कुणी अडवणार नाही.

केळीसाठीची वस्तू असेल आणि पहिल्या रिव्ह्यूला शेत हवं असेल, तर यावल तालुक्यातलं आमचं घरचं शेत आहे. वडिलांना मी विचारलं आहे, त्यांची हरकत नाही. दिवसाची वीज कोणत्या आठवड्यात आहे ते बघून तारीख ठरवू. येताना टीममधल्या सगळ्यांना आणा, नवीन लागलेल्या ट्रेनींनासुद्धा.

आपली नम्र,
उत्पादन विकास विभागातली एक अभियंता
जळगाव